मुलाचा पाय दुखतोय: पहिल्या तपासणीचा नेमका क्रम

‘रात्री पाय दुखतात म्हणून रडतो’ अशी तक्रार घेऊन मूल आलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘वाढीचं दुखणं आहे, होईल बरं’ म्हणून मालिश सुचवलं जातं. नाहीतर आरए फॅक्टर, एएसओ, युरिक ॲसिड अशा रक्ताच्या तपासण्यांचा कागद आईच्या हातात पडतो. दोन्ही वेळा मुलाची पँट गुडघ्याच्या वर गेलेली नसते आणि कोणी त्याला चालायलाही सांगितलेलं नसतं.

हाडं, सांधे आणि स्नायू यांची दुखणी घेऊन येणाऱ्या बहुसंख्य मुलांना गंभीर काही नसतं. पण त्या गर्दीत रक्ताचा कर्करोग, सांध्यातला पू, सरकलेला खुबा आणि बालसंधिवात हेही येतात, आणि पहिल्या दिवशी ते साध्या दुखण्यासारखेच दिसतात. ते निसटतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. मूल पहिल्यांदा पाहणारे फॅमिली डॉक्टर, नवे डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी तो क्रम इथे देतो आहे. आईवडिलांनीही वाचावा, म्हणजे काय तपासलं जायला हवं ते त्यांना कळेल.

## तयारी: मूल आत येण्याआधी

भेट ठरवतानाच सांगा की मुलाला अर्धी चड्डी आणि सैल सदरा घालून आणा, बूट-मोजे सहज निघतील असे हवेत. हे आधी सांगितलं नाही की घट्ट जीन्सवरूनच गुडघा चाचपला जातो.

खोलीत पाच-सहा पावलं चालता येईल एवढी मोकळी जागा हवी. थर्मामीटर, वजनकाटा, उंचीची पट्टी आणि मोजायची टेप जवळ असू द्या. वजन आणि उंची दर वेळी लिहा. वजन घटत असेल किंवा उंची थांबली असेल, तर तो आजाराचा पुरावा असतो आणि तो जुन्या नोंदींशिवाय दिसत नाही.

तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी ती उरकू नका. पहिली पायरी मात्र त्याच क्षणी करा आणि त्यात काही सापडलं नाही तर एक-दोन दिवसांनी नीट वेळ देऊन बोलवा.

## १. आजच रुग्णालयात पाठवायचं मूल आधी ओळखा

पूर्ण कहाणी ऐकण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

ताप, आणि पायावर भार टाकत नाही किंवा एखादा सांधा हलवू देत नाही. सांध्यात किंवा हाडात जंतुसंसर्ग आहे असंच धरून चाला, उलट सिद्ध होईपर्यंत. खुब्याच्या बाबतीत चार खुणा मोजतात: ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, पायावर भार न टाकणं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. जितक्या खुणा जास्त, तितकी पुवाची शक्यता जास्त. मात्र एखादीच खूण आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तान्ह्या बाळाला तापही नसू शकतो. ते फक्त एक हात किंवा पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना किंचाळतं.

फिकटपणा, अंगावर निळे डाग, गाठी, वजन घटणं आणि सोबत हाडं दुखणं. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका घ्या.

इजा आणि सांगितलेली हकिगत जुळत नाही. जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर निळे डाग किंवा मांडीचं हाड मोडलेलं दिसलं तर मुलाच्या सुरक्षिततेचा विचार तिथेच करा. दवाखान्यात आणायला उशीर का झाला हेही विचारा. आवाज चढवू नका, नोंद शब्दशः करा आणि मुलाला त्याच परिस्थितीत परत पाठवू नका.

पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं.

वयात येणारं मूल लंगडतंय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे. याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर.

> सावधान: सांध्यातल्या संसर्गाची शंका असताना तोंडाने अँटिबायोटिक देऊन ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. त्याने जंतू कोणता ते कळणं अवघड होतं, आणि तेवढ्या वेळात कूर्चा खराब होते.

## २. हकिगत: दुखण्याआधी सकाळ विचारा

‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न मोठ्यांसाठी ठीक आहे. तीन वर्षांचं मूल सगळीकडे बोट दाखवतं किंवा कुठेच नाही. बालसंधिवातात तर कित्येक मुलं दुखतं असं म्हणतच नाहीत. म्हणून मी सुरुवात सकाळपासून करतो: ‘उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं हा कसा चालतो?’ आई म्हणाली, ‘आजोबांसारखा आखडून चालतो, मग खेळायला लागला की सुटतो,’ तर अर्धं निदान तिथेच झालं. सकाळचा आखडलेपणा, दुपारच्या झोपेनंतर किंवा बराच वेळ बसल्यावर पुन्हा येणारा आखडलेपणा आणि हालचालीने येणारा मोकळेपणा ही सांध्यातल्या सुजेची चाल आहे. याउलट खेळून झाल्यावर संध्याकाळी वाढणारं दुखणं बहुधा ताणाचं किंवा लवचीक सांध्यांचं असतं.

दुसरा प्रश्न: आधी करायचा ते काय करायचं सोडलं? जिना चढताना उचलून घ्यायला सांगतो का, चालायला लागलेला पुन्हा रांगतोय का, बटणं लावायला मदत मागते का, अक्षर बिघडलंय का. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, तर ती तक्रार कधीही हलकी धरू नका.

मग रात्र. अधूनमधून रडून उठतो आणि चोळल्यावर झोपतो, हे वेगळं. रोज रात्री, एकाच जागी दुखून जाग येते, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात हाडाची गाठ डोक्यात ठेवा.

पुढचे प्रश्न भरभर विचारले तरी चालतात: ताप, पुरळ, जुलाब, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं घशाचं दुखणं, घरात सोरायसिस किंवा संधिवात, घरात क्षयरोग. आज गुडघा, परवा घोटा, नंतर कोपर असं दुखणं फिरत असेल आणि आधी घसा झाला असेल, तर संधिवाती ताप (घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयालाही धरणारा रुमॅटिक फीव्हर) धरून हृदय तपासून घ्या.

वयात आलेल्या मुलाशी काही मिनिटं एकट्याने बोला. झोप, शाळा, कोणी त्रास देतं का, आठवड्यात किती तास सराव असतो, हे आईवडिलांसमोर नीट बाहेर येत नाही. किती दिवस शाळा बुडली हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढच्या भेटीत सुधारणा त्यावरून मोजता येते.

> नेहमीची चूक: ‘पडला होता’ या वाक्यावर विसावणं. चालायला शिकलेलं मूल रोज पडतं आणि आईवडील दुखण्याचं कारण शोधताना शेवटचं पडणं आठवतात. पडल्याच्या दिवशी ते चालत होतं का आणि सूज नेमकी कधी आली, हे विचारल्याशिवाय इजा मान्य करू नका.

## ३. हात लावण्याआधी चालताना बघा

मूल रडायला लागलं की चाल बघायची संधी जाते, म्हणून ही पायरी आधी. अनवाणी चालू द्या, वळून परत येऊ द्या. मग ‘चवड्यांवर चाल’, ‘आता टाचांवर’. दुखऱ्या पायावर मूल कमीत कमी वेळ टेकतं. ही चाल एकदा ओळखता आली की विसरत नाही.

जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला सांगा. आधी पालथं होऊन, मग स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत ते उभं राहत असेल तर स्नायूंचा अशक्तपणा आहे. अशा मुलाला, विशेषतः उशिरा चाललेल्या मुलग्याला, ‘आळशी आहे’ म्हणून सोडू नका. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य) तपासा. यकृताचं एसजीपीटी वाढलेलं दिसलं म्हणून यकृताच्या मागे लागू नका, ते स्नायूंतूनही येतं.

## ४. दुखरा सांधा सोडून आधी सगळे सांधे

यासाठी पीगॅल्स नावाची चाचणी आहे: चाल, हात, पाय आणि कणा. शाळकरी मुलांसाठी ती बनवली आहे आणि सवय झाली की दोन-तीन मिनिटांत होते. तुम्ही समोर उभं राहून करून दाखवायचं, मुलाने नक्कल करायची.

आधी तीन प्रश्न: सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते किंवा आखडते का? कपडे मदतीशिवाय घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? मग चाल बघा, म्हणजे तिसरी पायरी. मग हात:

- हात समोर सरळ धर, उलटे कर, मूठ वळ.
- अंगठा आणि पहिलं बोट जुळव. मग अंगठ्याने एकेक बोटाच्या टोकाला शिव.
- तळहाताला तळहात जुळव, मग हाताच्या मागच्या बाजू एकमेकांना जुळव.
- आभाळाला हात लाव, छताकडे बघ. मग दोन्ही हात मानेमागे ने.

बोटांच्या मुळांशी असलेले सांधे हलकेच आवळा आणि त्या वेळी हाताकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. झोपवून गुडघ्यात पाणी आहे का ते चाचपा, गुडघा पूर्ण वाकतो आणि सरळ होतो का ते पाहा. नंतर खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून नडगी बाहेरच्या बाजूला न्या, म्हणजे खुबा आत वळतो. ही एक हालचाल कधीही गाळू नका.

शेवटी कणा: कान खांद्याकडे झुकव, वाकून पायाच्या बोटांना हात लाव. ‘तोंड उघडून स्वतःची तीन बोटं आत घाल’ हेही करून घ्या. जबड्याचा सांधा मूल कधी आपणहून सांगत नाही, आणि बालसंधिवातात तो गुपचूप खराब होतो.

> तपासून घ्या: दोन्ही बाजू सारख्या आहेत का? मुलांमध्ये सूज बऱ्याचदा मोठी नसते. एका गुडघ्याच्या बाजूचे खळगे भरलेले दिसतात, एवढंच. टेपने दोन्ही गुडघ्यांचा आणि मांड्यांचा घेर घ्या. एक मांडी बारीक असेल तर दुखणं आईला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे.

चाचणी निर्दोष आली तरी पोट चाचपा, म्हणजे प्लीहा आणि यकृत कळेल. गाठी बघा. त्वचा बघा: नितंब आणि पायांवर उठलेले, दाबल्यावर न जाणारे लाल ठिपके आणि सोबत घोटा सुजलेला असेल तर लघवी तपासा.

## ५. गुडघा दुखतो म्हणजे खुबा बघायचा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण माझी स्वतःची चूक इथली आहे. सुरुवातीच्या काळात बारा वर्षांचा एक मुलगा गुडघा दुखतो म्हणून आला. अंगाने थोडा जाड. मी गुडघा नीट तपासला, एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. क्रेप बँडेज बांधून घरी पाठवला. तीन आठवड्यांनी तो भिंत धरून आत आला. खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या थरावरून सरकलं होतं. पहिल्या दिवशी मी त्याचा खुबा वळवून पाहिला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

खुबा आणि गुडघा यांच्याकडे काही नसा सामाईक जातात, त्यामुळे खुब्यातलं दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात जाणवतं. खुबा सरकलेल्या मुलात मांडी पोटाकडे वाकवली की पाय आपोआप बाहेर वळतो आणि आत वळवायला गेलं की दुखतं. अशी शंका आली की त्या पायावर एकही पाऊल टाकू देऊ नका. चाकाच्या खुर्चीतून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

एक्स-रे दोन्ही खुब्यांचा हवा: एक समोरून, एक बेडकासारखे पाय फाकवून. नुसत्या समोरच्या चित्रात थोडं सरकलेलं हाड दिसत नाही. मूल उभंच राहू शकत नसेल तर पाय जबरदस्तीने फाकवू नका, बाजूने चित्र घ्यायला सांगा.

## ६. वयानुसार यादी छोटी करा

तीन वर्षांखाली अचानक लंगडणं म्हणजे संसर्ग, लपलेलं फ्रॅक्चर किंवा मारहाण आधी वगळा. नुकतंच चालायला शिकलेल्या मुलाच्या नडगीला पीळ बसून बारीक चीर पडते. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत ती दिसतेच असं नाही, दहा दिवसांनी पुन्हा काढल्यावर भरून येणारं हाड दिसतं. या वयात ‘खुब्याची तात्पुरती सूज’ हे निदान दवाखान्यात बसून करू नका.

तीन ते दहा या वयात ती तात्पुरती सूज खरोखर सर्रास दिसते. बहुधा सर्दी-तापानंतर येते, मूल एरवी ताजंतवानं असतं आणि एक-दोन आठवड्यांत पूर्ण बरं होतं. दोन दिवसांत सुधारणा नाही, किंवा ताप आला, तर पुन्हा पहिली पायरी. आठवडे उलटूनही लंगडणं राहिलं, विशेषतः चार ते आठ वर्षांच्या मुलग्यात, तर पर्थीजसाठी एक्स-रे काढा. त्यात खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होतो.

दहाच्या पुढे गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल तर ऑस्गुड-श्लॅटर, जरा लहान वयात टाचेच्या मागे दुखत असेल तर सीव्हर; दोन्ही वाढत्या हाडावर पडणाऱ्या ओढीची दुखणी. दोन्ही खेळाचा ताण कमी करून बरे होतात. पण गुडघ्याच्या आसपास हाडच सुजलंय आणि रात्री दुखतंय, तर ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून मलम देऊ नका, एक्स-रे काढा. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, याच वयात आणि याच जागी जास्त येतो. वेगवान गोलंदाज आणि जिमनॅस्ट मुलांची पाठ मागे वाकताना दुखत असेल तर कण्याच्या मणक्यातली ताणाची चीर शोधा.

तळपाय सपाट आहे, गुडघे एकमेकांना लागतात, पाय आत वळतात म्हणूनही बरीच मुलं येतात. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली, दोन्ही बाजू सारख्या असल्या आणि दुखत नसेल तर खास बूट नको.

## ७. तपासण्या: थोड्या आणि कारणाने

शंका असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रक्ताच्या काचेसह, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून, ईएसआर, सीआरपी (सुजेचीच दुसरी तपासणी) आणि दुखऱ्या भागाचा एक्स-रे. मुडदुसाची चिन्हं असतील, म्हणजे मनगटं रुंद किंवा पाय धनुष्यासारखे, तर अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व.

आरए फॅक्टर चाळणी म्हणून निरुपयोगी आहे, बालसंधिवात असलेल्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच येतो. एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) अनेक निरोगी मुलांत पॉझिटिव्ह येतो. एएसओ वाढला याचा अर्थ एवढाच की मधे कधीतरी स्ट्रेप्टोकोकस जंतूचा, बहुधा घशाचा, संसर्ग झाला. निव्वळ एएसओच्या आकड्यावर, संधिवाती ताप समजून, कित्येक मुलांना वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं मिळतात, हे मला फार टोचतं. युरिक ॲसिड गाउट शोधायला मुलांत मागवू नका.

> सावधान: सगळे अहवाल नॉर्मल असूनही बालसंधिवात असू शकतो. तसंच ल्युकेमियाच्या सुरुवातीला सीबीसी जवळजवळ नॉर्मल दिसू शकतं. तपासणीत सूज सापडली आणि कागदावर काही नाही, तर विश्वास हाताच्या तपासणीवर ठेवा.

## ८. ‘वाढीचं दुखणं’ कधी म्हणायचं

हे पुढचं सगळं जुळलं तरच: वय साधारण तीन ते बारा, दोन्ही पाय, दुखणं नडगी-पोटरी-मांडीत आणि सांध्यात नाही, संध्याकाळी किंवा रात्री, मधले दिवस दुखण्याशिवाय, सकाळी मूल धावत उठतं, लंगडत नाही, खेळ थांबलेला नाही आणि तपासणी पूर्ण निर्दोष. एकही अट मोडली तर हा शब्द वापरू नका, कारण एकदा फाइलवर लिहिला की पुढचे सगळे डॉक्टर तोच वाचतात. एकाच पायात दर वेळी दुखणं हे वाढीचं दुखणं नव्हे.

## ९. उपचार आणि काय देऊ नये

पॅरासिटामॉल वजनावर: एका मात्रेत दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात ४ मात्रांपेक्षा जास्त नाही. संधिवाती तापाची शंका असेल तर निदान होईपर्यंत यावरच थांबा. आयबुप्रोफेन दिलं की सूज इतकी झटकन ओसरते की फिरणारी सांधेदुखी दिसतच नाही. ॲस्पिरिन स्वतःहून मुलांना देऊ नका.

स्टेरॉइड निदानाआधी कधीच नाही. मूल दोन दिवसांत खेळायला लागतं, सगळे खूश होतात, आणि ल्युकेमिया असेल तर तो झाकला जातो व पुढचे उपचार अवघड होतात.

ताणाच्या दुखण्यात पूर्ण विश्रांती नको, सराव निम्म्यावर आणा. काही किशोरवयीन मुलांत साध्या स्पर्शानेही असह्य दुखतं आणि सूज-तपासण्या सगळं ठीक असतं. त्यांचं दुखणं खरं असतं. ‘मनाचं आहे’ असं म्हटलं की ती मुलं पुन्हा येत नाहीत. त्यांना फिजिओथेरपी, झोप आणि शाळेत हळूहळू परतणं यानेच बरं वाटतं. प्लास्टर किंवा कुबड्या दिल्या की बिघडतं.

## १०. पाठवायचं असेल तर नीट पाठवा

बालसंधिवाताचं नाव द्यायला सूज ६ आठवडे टिकावी लागते, पाठवायला नाही. सांधा सुजलेला आहे आणि इजा-संसर्ग नाही, तर तेवढे दिवस थांबू नका. चिठ्ठीत लिहा: किती दिवस, कोणते सांधे, सकाळी किती वेळ आखडतं, काय करायचं सोडलं, वजन-उंची, दोन्ही बाजूंचे घेर. डोळ्यांची स्लिट लॅम्प (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) तपासणी मागा. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते तेव्हा डोळा लालही होत नाही आणि दुखतही नाही. ती वेळेत सापडली नाही तर नजर जाऊ शकते.

घरी पाठवत असाल तर आईवडिलांना कागदावर लिहून द्या: ताप आला, पायावर उभं राहिना, रोज रात्री उठू लागला, सांधा सुजला, फिकट दिसू लागला, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी या. आणि काही झालं नाही तरी दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहा. ‘गरज वाटली तर या’ असं म्हटलं की लोक येत नाहीत.

दुसऱ्या भेटीत फक्त ‘कसं आहे?’ विचारून भागवू नका. पुन्हा बूट काढा, पुन्हा चालवा, पुन्हा घेर मोजा आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहा.